एक सूत वाकडं

स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्‌स कार बांधायला घेतलेल्या माणसाला खानदेशात दोन गोष्टी फुकट मिळतात : ऊन आणि सल्ला. ऊन निदान पावसाळ्यात रजेवर जातं, सल्ला बारमाही असतो. चौकोनी पाइपांची चासी वेल्डिंगला लागलेली असते तेव्हा "काय करी राह्यना भो, ट्रॉली का?" एवढंच विचारून पुढे गेलेली माणसं गाडीला चार चाकं लागल्याबरोबर परत येतात, पुढ्यात उकिडवी बसतात, एक डोळा मिटून बघतात आणि एकमुखाने निकाल देतात, "पुढची चाकं वाकडी आहेत ना भो. सरळ करून घे." जळगावच्या एमआयडीसीत असो, धुळ्याच्या अवधानात असो की पारोळ्याच्या एखाद्या गॅरेजच्या ओट्यावर, निकाल हाच. हेतू चांगला, वाक्य सुटसुटीत, आणि त्यात दोन ढळढळीत चुका. मोटारीची पुढची चाकं सरळ नसतात आणि नसावीत, ही पहिली. आणि घरी बांधलेल्या गाडीची चाकं कुणाकडून 'करून घेता' येत नाहीत, ही दुसरी. कारण ती किती वाकडी असावीत हे ठरवण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला असतो, ज्याने गाडी बांधली त्याला, आणि त्याने ते बहुतेक वेळा ठरवलेलंच नसतं. माझं म्हणणं असं की या कामाला दोरी, ओळंबा आणि गवंड्याची पाण्याची नळी पुरते. कमी पडतो तो निर्णय.

आधी सरळपणाचा निकाल लावू. रुळावर धावणाऱ्या गाडीला ना स्टेअरिंग ना खड्डे, तेव्हा तिचं चाक तरी सपाट असेल असं कुणालाही वाटेल. भुसावळ जंक्शनच्या फलाटावर उभं राहून डब्याच्या चाकाकडे नीट पाहिलं तर दिसतं की रुळावर टेकणारा त्याचा पृष्ठभाग तिरका आहे. नव्या चाकाचा हा उतार वीसास एक असतो, आतल्या कडेला चाक मोठं आणि बाहेर निमुळतं. जोडी डावीकडे सरकली की डावं चाक मोठ्या घेरावर चालतं, उजवं लहान घेरावर, आणि जोडी आपोआप मधोमध येते. म्हणजे ज्या वाहनाला वळवायची सोयच नाही त्याला सरळ चालवण्यासाठीसुद्धा रेल्वेने चाक मुद्दाम तिरकं कातलं. सायकलचंही तेच. पुढचा फोर्क मागे कललेला असतो, त्याची रेषा जमिनीपर्यंत लांबवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते. टायर त्या रेषेच्या मागे फरफटत येतो, म्हणून कॉलेजची पोरं हात सोडून सायकल चालवू शकतात. मोटारीत याला कास्टर म्हणतात : वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा थोडा मागे. तो कमी झाला की गाडी रस्त्यावर भटकते आणि वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही, जास्त झाला की स्टेअरिंग जड होतं.

कॅम्बर म्हणजे पुढून पाहिलं असता चाकाचा कल. स्पोर्ट्‌स कारची चाकं वरून थोडी आत झुकवतात, कारण वळणावर गाडीचं अंग बाहेर कलंडतं आणि बाहेरच्या चाकाला बरोबर घेऊन जातं. आधीच आत झुकवलेलं चाक नेमक्या त्या क्षणी, म्हणजे सगळा भार त्याच्यावर आलेला असताना, जमिनीवर सपाट बसतं. राहिला टो, म्हणजे वरून पाहिलं असता दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळली आहेत ते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना असेल तर पुढची चाकं ढकलली जातात, रस्ता त्यांना मागे ओढतो, बुश दबतात, टाय रॉडच्या एंडमधला सगळा ढिलेपणा एका बाजूला जातो आणि चाकं बाहेर फाकतात. म्हणून उभ्या गाडीत त्यांची तोंडं किंचित आत ठेवायची. धावताना ती फाकून बरोबर समांतर होतात. ताकद पुढच्या चाकांना असली की प्रकार बहुतेक उलटा. थोडक्यात, चाकांचा सरळपणा गाडी चालत असताना येतो, आणि एक डोळा मिटून बघणारा प्रेक्षक नेमकी उभी गाडी बघत असतो. त्याला वाकडं दिसणं हे काम चांगलं झाल्याचं लक्षण असू शकतं. (असू शकतं, एवढंच. काही वेळा ते खरोखरच वाकडं असतं.)

आता वाकडं किती, हा प्रश्न. इथे "थोडंसं" चालत नाही, कारण थोडंसं म्हणजे किती याचा हिशोब रस्ता फार कडकपणे करतो. तेरा इंची रिम कडेला मोजली तर साधारण ३५० मिलिमीटर धरा. दोन्ही चाकं मिळून टो एक सूत, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. सोयीसाठी तीन धरू, प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड. दीड भागिले साडेतीनशे. म्हणजे गाडी एक किलोमीटर सरळ गेली की भूमितीच्या हिशोबाने ते चाक सव्वाचार मीटर आडवं जायला बघतं, आणि समोरचं चाक तितकंच उलट दिशेला. दोघांपैकी कुणालाच जाऊ दिलं जात नाही, म्हणून टायर घासतो. जळगावहून निघून बांभोरीला गिरणा ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करत धुळ्याला पोचायला सुमारे ९० किलोमीटर होतात. तेवढ्यात प्रत्येक पुढचं चाक जवळपास ३८५ मीटर आडवं घासलं गेलं. चालताना चाकं फाकली तर यातलं बरंच माफ होतं, फाकली नाहीत तर सगळं टायरच्या खात्यावर. गॅरेजच्या भाषेत, गाडी टायर खाते. एक सुताचं हे बिल असेल तर दोन सुताचं काय, याचा हिशोब मांडण्यापेक्षा टायरच्या दुकानात भाव विचारलेला बरा. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात टायरच्या दुकानांना तोटा नाही.

त्याच महामार्गांवर 'कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट'च्या पाट्याही आहेत. आणि "करून घे" म्हणणाऱ्याचा हात तिकडेच असतो. जाऊन पाहायला हरकत नाही. गाडी रॅम्पवर चढते (चढली तर, कारण या गाड्यांचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर असतं), चारही चाकांना पंजे लागतात, कॅमेरे डोळे उघडतात आणि पडदा पहिला प्रश्न विचारतो : कंपनी कोणती? दुसरा : मॉडेल कोणतं? तिसरा : साल? इथे शांतता पसरते. 'घरी केली' असा पर्याय यादीत नसतो. कॉम्प्युटरवरचा पोरगा हुशार असतो. तो गाडीच्या आसपास एक चक्कर मारतो, रिम आणि हब मारुतीचे दिसतात, आणि बिनदिक्कत 'मारुती ८००' निवडतो. पुढच्या वीस मिनिटांत सगळे लाल आकडे हिरवे होतात, कागद छापून हातात येतो, पैसे दिले जातात. कागदावरचा प्रत्येक आकडा खरा असतो. फक्त तो १९८३ साली बाजारात आलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, चार माणसं आणि दोन पिशव्या नेणाऱ्या गाडीसाठी खरा असतो. इथे रॅम्पवर उभी असते साडेपाचशे किलोची, मागच्या चाकांवर चालणारी, दोन आर्मच्या सस्पेन्शनची दोनआसनी, जिचा चालक जवळजवळ मागच्या ॲक्सलवर बसतो.

यंत्राचा यात काही दोष नाही. ते असलेलं मोजतं, आणि असावं काय ते कंपनीने दिलेल्या आकड्यांतून वाचतं. कंपनीने ते आकडे कुठून आणले? टायर, वजन, सस्पेन्शनची भूमिती आणि गाडी कुठे चालणार याचा विचार करून, मग महिनोन्‌महिने चाचणीच्या रस्त्यावर फिरवून. घरी बांधलेल्या गाडीची कंपनी म्हणजे अंगणातला तो ग्रीसने माखलेला माणूस. ब्रिटनमध्ये हा नाद जुना आहे. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली, सुट्ट्या भागांत विकत घेऊन घरी जोडायची सोय असलेली. तिच्या धर्तीवरची गाडी जुन्या गाडीच्या भागांतून २५० पौंडांत बांधता येते, असं पुस्तकाच्या नावातच सांगणारा रॉन चॅम्पियन १९९६ साली आला. अशा गाड्यांना सुरुवात म्हणून कॅम्बर अर्धा ते एक अंश आत, कास्टर पाच अंशांच्या आसपास, आणि टो एखाद-दोन मिलिमीटर आत, असे आकडे चालतात. पण ती सुरुवात. तिकडच्या माणसाला ओली डांबरी वळणं काढायची असतात, इकडच्याला मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर मारुती व्हॅनच्या पुढ्याने आणि स्वस्तातल्या टायरने सरळ जायचं असतं. मला विचाराल तर खानदेशातल्या पहिल्या गाडीला कॅम्बर अर्ध्या अंशावर थांबवावा. सरळ रस्ते जास्त, वळणं थोडी, आणि एक अंशाने आतली कड किती लवकर जाते ते टायर लगेच सांगतं. दुसरा कुणी एक अंश म्हणेल. म्हणू दे, पण कारण सांगून म्हणू दे.

निर्णय झाला की मापायला लागणारं सामान बांधकामाच्या साइटवरून उसनं मिळतं. सर्वांत आधी जमीन. गॅरेजची फरशी सपाट दिसते, पण धुतली की पाणी एका कोपऱ्यात जातं, आणि पाणी खोटं बोलत नाही. दोन पुढच्या चाकांत १२०० मिलिमीटर अंतर आणि एका चाकाखाली जमीन १० मिलिमीटर खाली, एवढ्याने कॅम्बरच्या मापात जवळपास अर्ध्या अंशाची चूक होते. म्हणजे जेवढं लावायचं तेवढंच चुकायचं. गवंडी जी पारदर्शक नळी वापरतो ती घ्यावी, पाणी भरून बुडबुडे काढावेत, चारही चाकांच्या जागांवर पातळीच्या खुणा कराव्यात आणि कमी असेल तिथे प्लायवूडचे तुकडे घालून उचलावं. मग टायरची हवा, चारही गार असताना, आणि पहाटे. दुपारी एका बाजूला ऊन आणि एका बाजूला भिंतीची सावली असली तर उन्हातल्या टायरची हवा फुगून गाडी त्या बाजूने वर येते. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी वावटळ उठली की ताणलेली दोरी तंबोऱ्यासारखी वाजते आणि तिच्यावरून माप घेणारा कुठलाही आकडा खरा मानायला तयार होतो.

आणि चालकाचं वजन. मोठ्या गाडीत ७५ किलोचा माणूस बसला काय, उतरला काय, फारसा फरक नाही. साडेपाचशे किलोच्या गाडीत तो एक सप्तमांशाच्या आसपास असतो आणि तोही एका कुशीला. तो बसल्यावर सस्पेन्शन जिथे स्थिरावतं तिथेच मापं घ्यायची. पण तोच माणूस एका वेळी सीटवर बसू शकत नाही आणि चाकाशी पट्टी धरू शकत नाही. जळगावला डाळ मिलची कमतरता नाही. पन्नास किलोचं तुरीच्या डाळीचं पोतं आणि वर पंचवीसचं, सीटवर नीट टेकवून ठेवलं की झालं. डाळ मधेच उतरून सल्ला देत नाही, हा वरचा फायदा. पोतं ठेवल्यावर गाडी दोन हात मागे-पुढे ढकलून आणायची, म्हणजे जॅकवरून उतरताना अवघडलेले टायर मोकळे होतात. वळवून मापायचं असेल तर प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मधे ग्रीस. याहून स्वस्त फिरतं ताट कुठल्याही गॅरेजला मिळालेलं नाही.

दोरीचं काम मात्र सावकाशीचं. मासे धरायची नायलॉन दोरी उत्तम, कारण ती बारीक असते आणि ताण धरते. गाडीच्या दोन्ही बाजूंना, हबच्या मध्याच्या उंचीवर, पुढून मागपर्यंत एकेक दोरी स्टँडवर ताणायची. ती चाकाला समांतर लावायची नाही, गाडीच्या मध्यरेषेला लावायची, आणि नवशिका नेमका इथे फसतो. पुढच्या चाकांतलं अंतर मागच्यापेक्षा ४० मिलिमीटरने कमी असेल, तर दोरी पुढच्या हबपासून प्रत्येक बाजूला २० मिलिमीटर जास्त लांब असली पाहिजे, डावीकडे जितकी तितकीच उजवीकडे. हे जुळेपर्यंत स्टँड सरकवत बसायचं. मग स्टीलची फूटपट्टी आडवी धरून दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत, आणि मागच्या कडेपर्यंत. डोळा दोरीच्या नेमका वर, नाहीतर अर्धा मिलिमीटर डोळ्यातूनच येतो. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जितकं जास्त तितका त्या चाकाचा टो आत. रिम थोडी तरी डुगडुगतेच, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मापायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. कॅम्बरला ओळंबा : वरच्या कडेपासून सोडलेली दोरी, खालच्या कडेशी किती अंतर पडतं ते. ३५० मिलिमीटरवर अर्धा अंश म्हणजे तीन मिलिमीटर, पुन्हा आपलं एक सूत.

या तिन्ही गोष्टी लावायचा एक क्रम आहे आणि तो मोडणाऱ्याला रात्र पुरत नाही. कास्टर, कॅम्बर आणि टो यांची भाऊबंदकी आहे : थोरल्याने बांध सरकवला की धाकट्याचं शेत आपोआप कमी होतं. आर्मखालची शिम काढून कास्टर बदला, कॅम्बर हलतो. कॅम्बर लावा, टो हलतो. उलट मात्र फारसं होत नाही, टोने आपलं शेत कसं नांगरलं याची थोरल्यांना फिकीर नसते. म्हणून आधी कास्टर, मग कॅम्बर, शेवटी टो. आणि टोला हात घालण्यापूर्वी स्टेअरिंग रॅक मधोमध. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंगचे फेरे मोजायचे, निम्म्यावर आणून बांधून टाकायचं, आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरवायचे. नाहीतर गाडी सरळ जाते आणि स्टेअरिंग पारोळ्याकडे बघत राहतं.

आता आक्षेप. पहिला अर्थातच असा की कॅमेरे आणि लेझरच्या जमान्यात दोरीने मापणं म्हणजे हट्ट आहे. फूटपट्टीवर अर्धा मिलिमीटर वाचता येतो, म्हणजे ३५० मिलिमीटरच्या रिमवर सुमारे पाच मिनिटं. अंशाचा बारावा भाग. यंत्र याहून बारीक मापतं हे खरं आहे. पण ब्रेक दाबला की रबरी बुश त्याहून जास्त हलतात, आणि एका खड्ड्यात वाकलेली रिम त्याहून जास्त डुगडुगते. सोन्याच्या काट्यावर भुसा तोलण्यात अर्थ नाही, असं म्हणणार होतो, पण जळगावसारख्या सराफ बाजाराच्या गावात काट्याचा अपमान नको. रेसिंगची व्यावसायिक पथकंसुद्धा ट्रॅकवर दोऱ्या ताणून चाकं तपासतात, कारण दोरी उचलून कुठेही नेता येते आणि तिला करंट लागत नाही. खानदेशातल्या उन्हाळ्यात हे दुसरं कारण एकटंही पुरेसं आहे. यंत्रवाल्याकडे जायचंच असेल तर आपले आकडे चिठ्ठीवर लिहून जावं, आणि पडद्याचा रंग हिरवा असो की लाल, फक्त माप सांग म्हणावं. पडताळ्यासाठी यंत्र उत्तम आहे, निकालासाठी नाही.

दुसरा आक्षेप जास्त जीव तोडून केला जातो : आपल्या रस्त्यांवर एक सूत लावून काय उपयोग, पहिल्याच खड्ड्यात दोन सूत होणार. महामार्गाच्या तरसोद–फागणे चौपदरीकरणाने बराच फरक पडला हे मान्य करून, आक्षेपात तथ्य आहे. इथली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा गावरस्ता लाटांसारखा उठतो. गतिरोधकांचं म्हणाल तर इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, असा संथ चढ-उताराचा असावा. गावोगावचे गतिरोधक मात्र उत्स्फूर्त असतात. पण हा आक्षेप माझ्या बाजूचा आहे. जे माप वारंवार बिघडणार ते घरच्या घरी पुन्हा लावता यायला हवं की दर वेळी रॅम्प शोधायला हवा? शिवाय खराब रस्ता एका अशा दोषाला उघडं पाडतो जो कुठल्याही उभ्या गाडीत दिसत नाही. चाक वर-खाली होताना आर्म एका कमानीत फिरतात, टाय रॉड दुसऱ्या. रॅक दोन बोटं वर किंवा खाली बसवलेला असला की या कमानी जुळत नाहीत आणि प्रत्येक उसळीला चाक आपण होऊन तोंड फिरवतं. चालकाने स्टेअरिंग घट्ट धरलेलं असतं, गाडी तरी गतिरोधकावर डावीकडे नमस्कार करून येते. याला बंप स्टिअर म्हणतात. घरी बांधलेल्या गाड्यांत तो फार आढळतो, कारण आर्म एका गाडीचे, रॅक दुसऱ्या गाडीचा आणि दोघांची ओळख वेल्डिंगच्या दिवशीच झालेली असते. स्प्रिंग काढून, जॅकने चाक दोन-दोन इंच वर-खाली करून, प्रत्येक इंचाला टो मापायचा. हे कुठलाही हिरवा कागद करून देत नाही. इथे रॅकखाली घातलेला एक वॉशर टो-कॅम्बरच्या सगळ्या बारकाव्यांपेक्षा जास्त काम करतो, आणि माझ्या मते या संपूर्ण उद्योगात वेळ घालवावा तो इथे.

याच कुळातली दुसरी खोड आकरमानची. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळावर जातं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे. त्यासाठी स्टेअरिंगचे दांडे किंचित आत कललेले असतात, त्यांच्या रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्याकडे जातील असे. ही युक्ती मोटारीची नाहीच, घोडागाडीची. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडीकाराने ती काढली, आणि इंग्लंडमध्ये १८१८ साली तिचं पेटंट रुडॉल्फ आकरमानने नोंदवलं, म्हणून दोनशे वर्षं नाव आकरमानचं चाललंय. काम एकाचं आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं, ही प्रथा फक्त आपल्याकडच्या उद्‌घाटनांत नाही तर. घरी बांधणारा काय करतो, जागा नाही म्हणून रॅक ॲक्सलच्या मागचा पुढे आणतो आणि डावा नकल उजवीकडे, उजवा डावीकडे लावतो. दांडे आता उलटे कलतात, आतलं चाक कमी वळतं, बाहेरचं जास्त. सरळ रस्त्यावर टो अगदी एक सूत, आणि वळणावर टायर किंचाळतात. मग दोष दोरीला जातो.

तिसरा आक्षेप कायद्याचा आणि त्याला खोडून काढता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६वा नियम म्हणतो की गाडीच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेत झाली पाहिजे. त्याशिवाय एमएच १९ काय आणि एमएच १८ काय, पाटी मिळत नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी १९४९ साली आपली पहिली 'मीरा' मोटार रस्त्यावर आणू शकले, तो काळ वेगळा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी सुमारे ६० हजारांत भंगारातून किकवर सुरू होणारी जीपगाडी केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, त्यापेक्षा ही मला द्या आणि बोलेरो घ्या. पुढच्या महिन्यात अदलाबदल झाली. मग रस्त्यावर न जाणाऱ्या गाडीची चाकं लावून काय करायचं? तर स्पर्धेचं मैदान आहे. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर सोडून, बिजासन घाट चढून सेंधव्याच्या पुढे गेलं की पिथमपूर लागतं, तिथे इंजिनिअरिंगच्या पोरांची बाहा स्पर्धा वर्षानुवर्षं भरली. रेसिंगच्या आकाराच्या गाड्यांसाठी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत भरते. तिथले परीक्षक गाडीचा रंग बघत नाहीत. कॅम्बर अमुकच का, असं विचारतात, आणि "दुकानवाल्याने केलं" हे उत्तर तिथे गुण मिळवून देत नाही. मैदानही नको असेल तर स्वतःची शेतवाट आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र बिननंबरची गाडी नेऊ नये, आणि हे मी विनोदी लेखातसुद्धा गंभीरपणे लिहितो.

इतकं सगळं करून पहिल्या फेरीत गाडी डावीकडे ओढली तर लगेच पाना उचलू नये. पावसाचं पाणी जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आपण डावीकडून चालतो, तेव्हा कुठलीही गाडी थोडी डावीकडे उतरणारच. मोकळ्या आणि सपाट जागी, दोन्ही दिशांनी चालवून पाहावं. एकीकडे जाताना डावीकडे आणि परत येताना उजवीकडे ओढत असेल तर जमीन उतरती आहे. दोन्ही वेळा डावीकडेच ओढत असेल तरच गाडीचा दोष. नंतरची साक्ष टायरच देतो. थोड्या दिवसांनी पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. दोन्हीकडे सारखं लागलं तर उत्तम. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना रबराच्या धारा बोटांना करवतीसारख्या अडल्या, तर टो गरजेपेक्षा जास्त आत आहे. उलट लागलं तर बाहेर. रॅम्प नाही, पडदा नाही, पैसे नाहीत.

आणि एक. टाय रॉडचा लॉक नट आवळताना रॉडही त्याच्याबरोबर थोडा फिरतो, पाव फेरा फिरला तरी लावलेला टो गेला. रॉड दुसऱ्या पान्याने धरून नट आवळा, आणि आवळून झाल्यावर, दोरी गुंडाळण्याआधी, आणखी एकदा मापा.